शाळेपासूनचं अंतर

संध्याकाळी सहाच्या सुमाराला आमच्या रस्त्याला कंपन्यांच्या बसगाड्या लागतात. चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून सुटलेली माणसं गटागटानं उतरतात, टपरीवर चहा घेतात आणि चाळींच्या बोळांत शिरतात. या चाळी गावातल्या शेतकऱ्यांनी कारखाने आल्यावर उरलेल्या जमिनीवर बांधल्या. एका ओळीत दहा-बारा खोल्या, वर पत्रा, शेवटी सामाईक नळ. मी अशाच एका ओळीच्या टोकाला राहतो. कवी आहे हे चाळीत फारसं कुणाला ठाऊक नाही. अर्ज लिहून देतो, फॉर्म भरून देतो, एवढीच माझी ख्याती.

मागच्या खेपेला आरटीईचे अर्ज सुटले तेव्हा चौथ्या खोलीतला शेजारी दारात आला. नांदेड जिल्ह्यातला गडी. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. म्हणाला, “चाचा, हे जरा बघता का? पोरीचं नाव टाकायचंय.” मोबाइलवर नकाशा उघडलेला. घर कुठे आहे तिथं खूण करा, असं तो फॉर्म म्हणत होता. पंचाईत अशी की नकाशावर आमची चाळच नाही. एका कारखान्याची मोठी चौकट आहे आणि तिच्या मागं कोरी जागा. त्या कोऱ्या जागेत आम्ही सगळे राहतो.

रेडिओवर नकाशा दाखवता येत नाही, म्हणून सांगतो. त्या कोऱ्या जागेत बोट जरा पूर्वेला सरकलं की हवी ती शाळा एक किलोमीटरच्या आत येते. पश्चिमेला सरकलं की बाहेर जाते. सोडतीत आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची. म्हणजे त्या पोरीची शाळा तिच्या बापाच्या बोटाच्या टोकावर होती, आणि दिवसभर प्रेसवर पत्रे सरकवून ते बोट थरथरत होतं.

अंतर हा शब्द मला लहानपणापासून गमतीचा वाटत आलाय. दोन गावांमधलं अंतर, दोन माणसांमधलं अंतर. ‘अंतर देऊ नका’ असं आपण म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ टाकून देऊ नका असा होतो. आणि अंतरातलं म्हणजे मनातलं. एकच शब्द, बाहेरच्या मोजमापाला आणि आतल्या जागेलाही. महाराष्ट्रातल्या शिक्षणाचा इतिहास मी जेव्हा जेव्हा वाचायला घेतो, तेव्हा मला तो या अंतराचाच इतिहास वाटतो. शाळा आणि मूल यांच्यात किती अंतर असावं, ते कुणी ठरवावं आणि कोणत्या कायद्यानं मोडावं, याचा.

सुरुवात १८५६ पासून करतो. त्या वर्षी धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेशासाठी अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. शाळा सरकारी, पैसा सरकारी, तरी प्रवेश नाकारला गेला. प्रकरण मुंबई सरकारपर्यंत गेलं. सरकारनं दिलेलं उत्तर आजही वाचण्यासारखं आहे, कारण त्यात उद्धटपणा नाही. तात्त्विक न्याय अर्जदाराच्या बाजूचा आहे हे त्यात मान्य केलंय. पण युगानुयुगांचे समज एका फटक्यात मोडायला गेलं आणि एका मुलासाठी बाकीच्या मुलांनी शाळा सोडली तर शाळेचा उपयोगच उरणार नाही, असा त्याचा मथितार्थ. न्याय तुझा, शाळा त्यांची.

पुढं कलकत्त्याहून हिंदुस्थान सरकारनं कळवलं की बंगालमध्ये असा नकार मिळाला नसता. १८५८ मध्ये लंडनच्या संचालक मंडळानं स्पष्ट केलं की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. तत्त्व ठरलं. पण ते ठरेपर्यंत दोन वर्षं गेली आणि शाळेच्या वयाच्या मुलाची दोन वर्षं म्हणजे काय, हे पालकांना सांगायला नको. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन दिलं, त्यात धारवाडच्या या प्रकरणाची कागदपत्रं मांडली आहेत. बहात्तर वर्षांनीही त्यांना ते मांडावं लागलं, यातच सगळं आलं.

याच १८५६ च्या ऑक्टोबरात सावित्रीबाई फुले आजारपणामुळे माहेरी, नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाला आपल्यामागं त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा एक उल्लेख येतो. फातिमा शेखांबद्दल अलीकडे बराच वाद झाला. त्यांच्यावर रचलेल्या कहाण्यांतल्या किती खऱ्या, हा प्रश्न रास्त आहे. मला तो एका ओळीचा उल्लेख पुरतो. घरात आजारी माणूस असलं आणि शाळा चालू ठेवायची असली की कुणीतरी कुरकुर न करता दुप्पट काम करतं. इतिहासात त्याच्या वाट्याला एवढीच जागा येते, आणि ती खोटी नसते.

फुल्यांच्या त्या शाळांत अंतर हा विषयच नव्हता, कारण ज्यांना दूर ठेवलं जात होतं त्यांच्यासाठीच शाळा काढल्या होत्या. त्यातलीच मुक्ता साळवे, चौदा वर्षांची मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. माझा शेजारी त्याच समाजातला. मी त्याला मुक्ताबद्दल सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, “ती किती शिकली होती?” तीन वर्षं, म्हटलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, “आमची आई बी दुसरी शिकली, पर तिचं कुनी छापलं न्हाई.”

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिलं, त्यात कायदा हा शब्द खऱ्या अर्थानं आला. सरकारी तिजोरीत पैसा रयतेच्या घामाचा आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर, हा त्यांचा आक्षेप. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणी. संसदेनं शिक्षणाचा हक्क राज्यघटनेत मूलभूत हक्क म्हणून लिहिला २००२ मध्ये. मधली वजाबाकी वाचकांनी करावी.

पण सगळं पुण्या-मुंबईतच घडत होतं असं नाही. या विषयात मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं ते कोल्हापुरात. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, हे आपल्याला पाठ असतं. वेगवेगळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहं उभी केली, त्यात १९०६ चं मुसलमान मुलांचंही होतं. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड बसू लागला. पण या सगळ्यापेक्षा मला १९१९ चा हुकूम मोठा वाटतो. त्या वर्षी महाराजांनी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि त्या मुलांना इतरांच्याच शाळांत घ्यायला सांगितलं.

या हुकमाचा अवघडपणा समजून घ्यायला हवा. वेगळी शाळा ही त्या काळी सुधारणाच मानली जात होती. शाळा आहे, मास्तर आहे, पुस्तकं आहेत, मग तक्रार कसली, असं भल्या माणसांनाही वाटत होतं. महाराजांना कळलं होतं की शाळा वेगळी ठेवली की मुलाला पहिला धडा आपण वेगळे आहोत हाच मिळतो. त्यापुढचे धडे मग कितीही चांगले असोत.

इथून थेट अमेरिकेत जाणं लांबची उडी वाटेल, पण ती उडी आपल्या माणसांनीच आधी घेतली होती. ‘गुलामगिरी’ हे १८७३ चं पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसून, वर्तमानपत्रांतून आणि पुस्तकांतून जेवढं कळलं तेवढ्यावर त्यांनी वंशाचा प्रश्न आणि जातीचा प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहिले. पुढं १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डुबॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं त्यांनी वाचलं होतं, आणि त्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या. डुबॉइस यांचं उत्तरही आलं. डांबरी रस्ता नसलेल्या गावातली दोन घरं एकमेकांकडून विळी-पाट मागून नेतात, तसं हे मला वाटतं. एकमेकांचं हत्यार मागून नेणं.

आणि मग १९५४ साल.

कॅन्सस राज्यातल्या टोपेका शहरात लिंडा ब्राऊन नावाची एक मुलगी राहत होती. घरापासून सात चौक चाललं की शाळा होती, पण ती गोऱ्या मुलांची. लिंडा काळी. तिला बसच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन मग मैलभर लांबच्या काळ्या मुलांच्या शाळेत जावं लागे. तिच्या वडिलांनी आणि इतर पालकांनी खटला भरला. लक्षात घ्या, लिंडाची शाळा पडकी नव्हती. इमारत, शिक्षक, अभ्यासक्रम यांत फारसा फरक नाही असंच खालच्या न्यायालयात दिसून आलं होतं. तरीही १७ मे १९५४ या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायाधीशांनी निकाल दिला, की वंशावरून मुलं वेगळी बसवली की तिथं समानता उरतच नाही. कोल्हापूरचा हुकूम त्याच्या पस्तीस वर्षं आधीचा. अर्थात तो एका राजाचा हुकूम होता आणि हा न्यायालयाचा निकाल. एक राजाच्या इच्छेवर, दुसरा राज्यघटनेवर उभा. हे अंतरही विसरू नये.

हा अमेरिकेतला खटला जगभर माहीत आहे. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २६ मे १९५४ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयानं नाशिकजवळच्या देवळालीच्या एका शाळेबद्दल निकाल दिला. तो मात्र आपल्याच माणसांना ठाऊक नसतो. मलाही चाळिशी उलटेपर्यंत नव्हता.

देवळालीची बार्न्स हायस्कूल ही अँग्लो-इंडियन शाळा, इंग्रजी माध्यमाची. चालवणारी संस्था बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. तेव्हा मोरारजी देसाई मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होते. जानेवारी १९५४ मध्ये राज्य सरकारनं आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांची मुलं घ्यावीत. बाकीच्यांनी आपापल्या भाषेत शिकावं. हेतू वाईट नव्हता. इंग्रज गेले, आता देशी भाषा वाढायला हव्यात, ही त्या काळातली प्रामाणिक तळमळ होती. मी मराठीत लिहिणारा माणूस, मला ती तळमळ समजते. पण आदेशाचा अर्थ असा झाला की स्वतंत्र भारतात एखाद्या वर्गाच्या दारात मुलाचा वंश विचारायचा. आशियाबाहेरचा असशील तर आत ये.

दोन पालक न्यायालयात गेले. एक भारतीय ख्रिस्ती, दुसरे गुजराती हिंदू. दोघांच्या मुलांना या आदेशाचं कारण सांगून प्रवेश नाकारला होता. शाळा चालवणारी संस्थाही सरकारविरुद्ध उभी राहिली. मुंबई उच्च न्यायालयानं आदेश चालणार नाही असं सांगितलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला. राज्यघटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदात म्हटलंय, की सरकारी किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणाही नागरिकाला केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणांवरून प्रवेश नाकारता येणार नाही. सरकारचा हेतू देशी भाषा वाढवण्याचा असेल, पण मुलाला दारातून परत पाठवण्याचं कारण त्याचा समाज आणि त्याची भाषा हेच आहे, आणि न्यायालय ते कारण बघेल. हेतू चांगला म्हणून कारण चालवून घेणार नाही. धारवाडला शंभर वर्षांपूर्वी नेमकं हेच उलटं झालं होतं.

या निकालात आणखी एक गोष्ट आहे. अँग्लो-इंडियन शाळांना स्वातंत्र्यानंतर काही वर्षं खास अनुदान मिळत होतं. पण राज्यघटनेची अट अशी होती, की दरवर्षी किमान चाळीस टक्के प्रवेश इतर समाजांच्या मुलांसाठी खुले हवेत. राज्य सरकारचा आदेश पाळला असता तर शाळेला ही अट मोडावी लागली असती. म्हणजे १९५४ मध्ये शाळा म्हणत होती, बाहेरची मुलं आत घेऊ द्या, आणि सरकार म्हणत होतं, घेऊ नका.

हे वाक्य ध्यानात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचंय.

त्याच १९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिनचा सरकारी कारखाना. तिथून आमच्या पट्ट्याची गोष्ट सुरू होते. मग मोटारींचे, स्कूटरचे कारखाने आले, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं, भोसरीत शेड उभ्या राहिल्या. १९७० मध्ये नवनगरपालिका, १९८२ मध्ये महानगरपालिका. माझे वडील साठच्या दशकाच्या शेवटी बार्शीहून आले आणि भोसरीतल्या एका लहान फाउंड्रीत लागले. आम्ही कासारवाडीला राहत होतो.

मोठ्या कंपन्यांना तेव्हा वसाहती होत्या. झाडं, दवाखाना, मैदान, शाळा. एका वसाहतीतल्या शाळेचा गणवेश मला फार आवडायचा. वडील मला तिथं घेऊन गेले. खिडकीतल्या माणसानं विचारलं, “टोकन नंबर काय?” त्या कंपनीच्या कामगाराला पत्र्याचा बिल्ला असे. वडिलांनी आपल्या फाउंड्रीचं नाव सांगितलं. खिडकीतला माणूस हसला नाही, रागावला नाही. त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. कुणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. सगळं नियमात होतं. शाळा कंपनीच्या पैशाची, मुलं कंपनीच्या कामगारांची. आजही मला त्यात बेकायदा काही सापडत नाही. घरी येताना वडिलांनी मला उसाचा रस पाजला, एवढं आठवतं.

मग मी नवनगरपालिकेच्या शाळेत गेलो. मराठी शाळेत. उर्दू शाळाही होती आणि मोहल्ल्यातल्या बुजुर्गांनी वडिलांना सांगून पाहिलं. वडील म्हणाले, “फाउंड्रीत साहेब मराठीत शिव्या देतो, पोराला समजल्या पाहिजेत.” यावरून माझी सगळी कविता सुरू झाली, असं मी कविसंमेलनांत सांगतो आणि लोक हसतात. पण ‘तुम्ही उर्दूत का लिहीत नाही?’ हा प्रश्न अजून येतो. विचारणारा मला खूण करून नकाशावर कुठंतरी बसवू पाहतो. त्या शाळेत आम्हाला एक गुरुजी होते. पंचेचाळीस मुलांत आमची घरं कुठं कुठं आहेत ते त्यांना माहीत होतं. मी आठ दिवस आलो नाही तर सायकल काढून कासारवाडीला यायचे. चांगली शाळा म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला ती सायकल दिसते. मी पुढं नोकरी करत बाहेरून बी.ए. झालो, त्याच्या मुळाशी ती सायकल आहे.

आता देवळालीकडे परत येऊ. २००९ मध्ये बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यातलं सर्वांत धाडसी कलम खासगी विनाअनुदानित शाळांबद्दलचं. पहिल्या इयत्तेतल्या किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या शेजारच्या मुलांना मोफत द्यायच्या. शाळा न्यायालयात गेल्या. आमच्या शाळेत कुणाला घ्यायचं हे सरकार कसं ठरवणार, हा त्यांचा सवाल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा वैध ठरवला. २०१४ मध्ये अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून पूर्ण वगळलं. यावर माझं मत विचाराल तर मला ते रुचलेलं नाही. अल्पसंख्याकांना आपली संस्था चालवण्याचा हक्क हवाच, पण गरीब शेजाऱ्याचं पोर आत घेतल्यानं तो हक्क बुडतो, हे मला पटत नाही. देवळालीची शाळा चाळीस टक्क्यांनी बुडाली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाच्याच एका खंडपीठानं २०२५ मध्ये या निकालाविषयी शंका नोंदवून तो मोठ्या पीठाकडे पाठवण्यास सांगितलं, तेव्हा बरं वाटलं.

शाळांची बाजूही ऐकायला हवी. या मुलांच्या फीची भरपाई सरकारनं करायची असते. महाराष्ट्रात ती वर्षाला एका मुलामागं १७,६७० रुपये ठरलेली, आणि तीही वर्षानुवर्षं थकते, ही तक्रार खरी आहे. लहान संस्थांचे त्यात हाल होतात.

पण मग ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. कागदावर साधं वाटतं. आमच्या पट्ट्यात फिरून बघा. महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची शाळा एक किलोमीटरवर नाही, अशी खासगी शाळा दाखवता दाखवता दमायला होईल. म्हणजे कायदा जागेवर आणि दारं बंद. कालपर्यंत अंतर हे मुलाला शाळेजवळ आणण्यासाठी मोजत होते, आता ते त्याला बाहेर ठेवण्यासाठी मोजलं जाणार होतं.

या वेळी न्यायालयात गेले ते पालक आणि संघटना. १९५४ मध्ये शाळा मुलं घेऊ द्या म्हणत होती आणि सरकार अडवत होतं. २०१२ मध्ये सरकार घ्या म्हणत होतं आणि शाळा अडत होत्या. २०२४ मध्ये सरकार आणि शाळा एका बाजूला झाले, दाराबाहेर पालक उरले. मुंबई उच्च न्यायालयानं ६ मे २०२४ रोजी बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो रद्दच केला. मूळ कायदा जे देतो ते राज्याला नियम करून काढून घेता येणार नाही. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हात घातला नाही. पण त्या वर्षीचे प्रवेश मधल्या मध्ये लोंबकळले. जूनमध्ये शाळा भरल्या, मुलं घरी. धारवाडच्या मुलाची दोन वर्षं मला तेव्हा आठवली.

खासगी शाळेतच दर्जा असतो, असं मात्र मी मानत नाही. आमच्याच खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा २०२५ मध्ये जगातल्या उत्कृष्ट शाळांच्या स्पर्धेच्या अंतिम यादीत झळकली. सायकलवाले गुरुजी अजून आहेत. शेजाऱ्याला मी हेही सांगितलं. तो म्हणाला, “असंल चाचा. पर सुपरवायझरची पोरं ज्या शाळंत जातात, तिथंच जाऊ द्या ना माझी एकदा.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. टोपेकाच्या निकालातही याहून वेगळं काही म्हटलेलं नाही.

त्याला जातीचा दाखला होता, त्यामुळं उत्पन्नाची अट नव्हती. पण भाडेकरार नोंदवलेला हवा होता. खोलीमालक करार नोंदवायला तयार नाही, कारण मग बाकीच्या अकरा खोल्यांचाही प्रश्न येतो. माझ्या ओळखीनं, चार खेपा घालून ते झालं. उरली नकाशावरची खूण. चूक झाली तर पडताळणीत अर्ज बाद होतो, असं त्यानं कुठं तरी ऐकलं होतं. तो म्हणाला, आपण चालूनच बघू.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. तो, त्याची पोरगी आणि मी. कारखान्याच्या भिंतीकडेनं, मग कंटेनर उभे असतात त्या रस्त्यानं, मग ओढ्यावरच्या फरशीवरून. मोबाइलवर आकडा सरकत होता. फरशीपाशी सहाशे मीटर झाले, वळणावर साडेआठशे. पोरगी पुढं पळत होती. शाळेच्या फाटकाशी आलो तेव्हा नऊशे सत्तर.

वॉचमननं खुर्चीवरून विचारलं, “कोणाकडे काम आहे?”

“काम नाही,” शेजारी म्हणाला, “अंतर मोजतोय.”

“आरटीई का?”

“हो.”

वॉचमननं त्याच्या मोबाइलवरचा आकडा वाकून बघितला. मग शाळेच्या इमारतीकडे एकदा वळून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मला साडेअकरा हजार मिळतात. वर्षाला लाखाच्या आत लागतं म्हणे. खुल्या वर्गातल्या माणसानं काय करायचं हो चाचा?”

लाखाला बारानं भागलं तर महिन्याला आठ हजार तीनशे तेहतीस येतात. ते मी त्याला तोंडी सांगितलं. त्यानं पोरीसाठी फाटकाची लहान खिडकी उघडली. आत मैदानावर घसरगुंडी होती, ती ती बघत उभी राहिली. मागून शाळेची एक बस आली, तसं त्यानं आम्हाला बाजूला व्हायला सांगितलं.